सहावीच्या गणितात नेमकं काय बदलतं?

सहावीची आई

मुलगा यंदा सहावीत गेला. आतापर्यंत गणित म्हणजे त्याचा हातचा मळ. पाढे तोंडपाठ, तोंडी हिशोब माझ्या आधी करून मोकळा. नवं पुस्तक हातात आल्या आल्या त्याने ते मागच्या पानापासून चाळलं (त्याची सवय, गोष्टीची पुस्तकंही शेवटाकडूनच उघडतो) आणि मला हाक मारली, "आई, गणितात अक्षरं का आहेत?"

मी "असतात" एवढंच म्हणाले. माझं गणित शाळेबरोबरच सुटलं आणि सुटलं तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला होता, हे त्याला सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात वही तपासून आली. दहापैकी दहा उत्तरं बरोबर, गुण पाच. खाली लाल शाईत "रीत कुठे आहे?" पोराच्या डोळ्यांत पाणी. "उत्तर बरोबर आहे ना, मग?" तोंडाने मी शिक्षकांची बाजू घेतली, मनातून मात्र त्याचीच.

तर ज्यांची मुलं या टप्प्यातून गेली आहेत किंवा जे शिकवतात त्यांनी सांगा, सहावी ते आठवीत गणिताच्या तासाला नवीन काय असतं? मुलं नेमकी कुठे अडखळतात? मी रोज शेजारी बसावं का? बसून तरी काय करू, मलाच आठवत नाही!

---

दोघांचा बाबा

आमचा अनुभव थोडक्यात सांगतो. मोठी सहावीत मजेत होती, सातवीत आपटली. कारण शोधायला आम्हाला वर्ष लागलं. सहावीत ती दहा दिवस आजारी होती आणि नेमके त्याच दिवसांत वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार झाला. आम्ही म्हटलं, एक धडा बुडला, त्यात काय. पुढे गुणोत्तर आलं, त्यात अपूर्णांक. शेकडेवारी आली, त्यातही. समीकरण आलं तर क्षच्या डोक्यावर-पायाखाली तेच. दहा दिवसांचं ते कर्ज आम्ही दीड वर्ष फेडत होतो.

प्राथमिकला धडा हुकला तर फारसं बिघडत नाही, पुढच्या वर्षी तोच परत येतो. इथे एक धडा दुसऱ्याच्या खांद्यावर उभा असतो. काही बुडलं तर त्याच आठवड्यात भरून काढा.

आणि कोनमापक वापरता येतो का ते एकदा बघा. त्यावर आकड्यांच्या दोन रांगा असतात, एक डावीकडून सुरू होणारी, एक उजवीकडून. धाकटा किती तरी दिवस ६०° च्या कोनाला १२०° म्हणत होता. कोन समोर टोकदार दिसत असताना!

---

खडू-फळा

ताई, मी बावीस वर्षं सहावी ते आठवीला गणित शिकवतेय. "रीत कुठे आहे?" हे वाक्य मी इतक्या वह्यांवर लिहिलंय की झोपेतही लिहीन. तेव्हा आधी त्या शिक्षकांची बाजू मांडते, मग तुमच्या मुलाची.

आज त्याला एक गणित घाला. काही समजावू नका, कागदावर एवढंच लिहून द्या:

८ + ४ = □ + ५

चौकटीत किती? वर्षाच्या पहिल्या तासाला मी हेच फळ्यावर लिहिते आणि दर वर्षी एका सुरात "बारा" ऐकू येतं. एखादा हुशार १७ म्हणतो, कारण शेवटी तो ५ उरला ना, त्याचं काहीतरी करायला हवं. उत्तर ७ आहे. डावीकडे १२, म्हणून उजवीकडेही १२ हवेत.

मुलं बेरजेत चुकत नाहीत हो. चुकतात त्या दोन आडव्या रेघांत. पाच वर्षं त्यांच्यासाठी "=" चा अर्थ एकच होता, "आता उत्तर लिही". कॅल्क्युलेटरवरही ते बटण दाबलं की उत्तर येतं, मग त्यांचं काय चुकलं? मधल्या शाळेत मात्र त्याच चिन्हाचा अर्थ होतो, "दोन्हीकडे सारखंच आहे". माझ्या मते मोठा बदल हाच आहे, अक्षरं त्याच्या मागून येतात. आणि गंमत अशी की हा बदल झाल्याचं मुलांना कोणी सांगतच नाही. पुस्तकात त्याचा धडा नसतो.

आता रीत. "५ मध्ये ३ मिळवून त्याची दुप्पट करा" असं सांगितलं की निम्मा वर्ग असं लिहितो:

५ + ३ = ८ × २ = १६

उत्तर बरोबर. पण वाचून बघा काय लिहिलंय ते. ५ आणि ३ मिळून झाले ८, आणि ८ × २ म्हणजे १६, म्हणजे या ओळीप्रमाणे ८ आणि १६ सारखेच. मूल मनात बोलत गेलं तसं कागदावर उतरलं. प्राथमिकला हे खपून जातं. समीकरणात नाही खपत.

२क्ष + ३ = ११ हे तुमचा मुलगा मनातल्या मनात सोडवेल. चार. मग रीत लिहायला सांगितली की त्याला ती शिक्षा वाटणारच. पण ५क्ष − ७ = २क्ष + ११ घ्या. दोन्हीकडे क्ष बसलाय. इथे अंदाजाचे खडे मारत बसावं लागतं. त्यापेक्षा दोन्हीकडून २क्ष काढा, ३क्ष − ७ = ११. दोन्हीकडे ७ मिळवा, ३क्ष = १८. क्ष = ६. आणि मग ताळा: डावीकडे ३० − ७ = २३, उजवीकडे १२ + ११ = २३. जुळलं. हा ताळा करायला त्याला आत्तापासून लावा. ज्या मुलाला ताळा करता येतो त्याला "बाई, बरोबर आहे का?" म्हणत माझ्या टेबलापाशी रांग लावावी लागत नाही. तो माझ्यावर अवलंबून राहत नाही, आणि हे मला आवडतं.

आता मुलाची बाजू. ज्या गणितात रीत लागतच नाही तिथे ती मागणं हा आमचा आळस आहे. मीही सुरुवातीची कित्येक वर्षं ते केलं. २क्ष + ३ = ११ ला चार ओळी लिहायला लावल्या आणि नाही लिहिल्या तर गुण कापले. आता आधी दोन्हीकडे क्ष असलेलं गणित देते. पोरं दहा मिनिटं खडे मारतात, दमतात, मग स्वतःच विचारतात की काही युक्ती आहे का. तेव्हा रीत सांगितली की ती गोड लागते.

(तो "=" सुद्धा फार जुना नाही. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली तो छापला. "च्या बरोबर आहे" हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी नाहीत असं त्याचं म्हणणं. कंटाळ्यातून गणितात बऱ्याच चांगल्या गोष्टी आल्या आहेत.)

"अक्षरं का?" हा प्रश्न उत्तम आहे, त्याला "असतात" सांगून मिटवू नका. ज्या संख्येचा अजून पत्ता नाही तिला हाक मारायला काहीतरी नाव हवं, म्हणून. बाराव्या शतकात भास्कराचार्य पहिल्या अज्ञात संख्येला "यावत्तावत्" म्हणत, म्हणजे "जेवढी असेल तेवढी". एकाहून जास्त अज्ञात असतील तर पुढच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. आणि लिहिताना पहिलं अक्षर, या, का, नी. वर्गात हे सांगितलं की काही मुलं महिनाभर क्षच्या जागी "नी" लिहितात. मी लिहू देते.

अक्षरांत चूक कुठे होते तेही सांगते. अक्षर संख्येसाठी असतं, वस्तूसाठी नाही. हे डोक्यात बसलं नाही की ३अ + २ब = ५अब होतं. आणि हे वाक्य बघा: "वर्गात मुली मुलांच्या तिप्पट आहेत." मुलींची संख्या म, मुलांची ल. समीकरण लिहा. मोठी माणसंही ३म = ल लिहितात, कारण कानावर "मुली" आणि "तिप्पट" जवळजवळ पडलं. आता मुलगे १० धरा, मुली ३०. ३ × ३० = १०? नाही ना. बरोबर समीकरण म = ३ल. अशा वेळी माझा एकच मंत्र, अक्षराच्या जागी खरा आकडा ठेवून बघ.

ऋण संख्या. मुलांना वाटतं −७ हा −३ पेक्षा मोठा, कारण ७ मोठा. उद्वाहनाचं, म्हणजे लिफ्टचं, उदाहरण चालतं: तळघराचा सातवा मजला तिसऱ्याच्या खाली. पण मला आपला शब्दच जास्त आवडतो. ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले ते याच शब्दांत. सात रुपयांचं देणं असलेला माणूस तीनच्या देण्याहून गरीब, यावर कोणाचा वाद नसतो. मग प्रश्न येतो, ऋण गुणिले ऋण धन कसं? तिथे कर्जाची उपमा लंगडी पडते, ओढून ताणून बसवू नका. ही उतरंड लिहून द्या:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०
(−१) × (−२) = ?

प्रत्येक ओळीला उत्तर २ ने वाढतंय. पुढे काय ते मूल स्वतः सांगतं. अजून एक खड्डा: (−३)² म्हणजे ९, पण −३² म्हणजे −९. कंस नसेल तर वर्ग फक्त ३ चा होतो. दर परीक्षेत यात चांगली चांगली मुलं पडतात.

अपूर्णांकांबद्दल वर बाबांनी लिहिलंच आहे, मी एवढीच भर घालते. आतापर्यंत गुणाकाराने वाढायचं आणि भागाकाराने कमी व्हायचं. इथे उलटं होतं. ६ मीटर दोरीचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे केले तर १२ होतात, म्हणजे ६ ÷ १/२ = १२. "उलटं करून गुणा" पाठ करण्याआधी दोरीचा एक तुकडा खरंच कापू द्या. बेरजेत अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायची खोड फार. १/२ + १/३ = २/५ लिहून मोकळे. त्याला ओरडू नका, फक्त विचारा, २/५ अर्ध्याहून मोठा की लहान? लहान. मग अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर ते अर्ध्याहून कमी झालं? तो स्वतःच खोडरबर शोधायला लागेल.

शेकडेवारीचं एकच: १०० मध्ये २० टक्के वाढ, मग २० टक्के घट. परत १०० होत नाहीत, ९६ होतात. का, ते त्याला शोधू द्या, जेवताना वाद घाला.

भूमितीत एक नवी सवय लागते, "दिसतंय म्हणून" हे कारण चालत नाही. त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवले की सरळ रेघ होते, १८०°. मुलं खूश. मग मी विचारते, हा तुझा त्रिकोण झाला, जगातल्या बाकीच्यांचं काय? सगळे फाडणार? तिथून शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची, व्युत्क्रम कोन (समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या दोन विरुद्ध बाजूंचे आतले कोन, ते सारखे असतात) बघायचे, आणि सगळ्या त्रिकोणांचा निकाल एकदाच लावायचा. काही मुलांना हे आवडत नाही. ज्यांना आवडतं त्यांचे चेहरे मला वर्षानुवर्षं आठवतात.

शेजारी रोज बसू नका. आठवड्यातून दोनदा बसा आणि त्याला म्हणा, "मला शिकव." तुम्हाला आठवत नाही हे इथे उपयोगाचं आहे. आठवत असतं तर तुम्ही त्याच्या हातातून पेन्सिल घेतली असती.

---

रफवहीतला

मी सध्या आठवीत आहे. आईच्या फोनवरून लिहितोय. काकू, सहावी एवढी वाईट नसते. सातवीतली समीकरणं पण सोपी आहेत, फक्त "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे पाठ करू देऊ नका त्याला. मी केलं होतं. मग ३क्ष = १२ मध्ये ३ पलीकडे नेला आणि चिन्ह बदललं, क्ष = १२ − ३ = ९. मला वाटलं नियमाप्रमाणेच केलंय, मग चूक कशी? आमच्या बाई आता वर्गात "पलीकडे नेलं" म्हणूच देत नाहीत. "दोन्हीकडे ३ ने भागलं" असंच म्हणायचं. पहिल्यांदा वेळ जातो पण मग चुका होत नाहीत.

आणि शाब्दिक गणितं दोनदा वाचायची. एकदा गोष्ट म्हणून आणि एकदा गणित म्हणून. मी एकदा वडिलांचं वय ४ वर्षं आणि मुलाचं ३२ काढलं होतं. ताळा केला असता तर कळलं असतं, पण केला नाही. अजून वर्गात मला सगळे त्यावरून चिडवतात.

---

हातचा एक

खडू-फळा बाईंचं सगळं मान्य, पण एक तक्रार. हल्ली अर्थ समजला पाहिजे, अर्थ समजला पाहिजे असं इतकं चालतं की पाठांतर म्हणजे पाप झालंय. माझी पुतणी सातवीत आहे. तिला समीकरण म्हणजे तराजू हे छान कळतं, चित्रही काढते, आणि मग ५६ भागिले ८ ला बोटं मोजत बसते. तराजू हातात, वजनं घरी!

---

खडू-फळा

हातचा एक, पूर्ण पटलं. माझ्या लिहिण्यात ते राहून गेलं, कारण ताईंच्या मुलाचे पाढे पक्के आहेत. पण ज्यांचे नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. लसावि, मसावि, समच्छेद करणं, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणं, पुढे अवयव पाडणं, या सगळ्यात ७ × ८ पटकन आठवावं लागतं. ते शोधण्यात मूल अडकलं की मुख्य गणिताचा धागाच हातून सुटतो आणि मग आपण म्हणतो, त्याला बीजगणित कळत नाही. त्याला बीजगणित कळतंय, पाढा कळत नाही. ६ ते ९ च्या पाढ्यांतलीच दहा-बारा गुणाकार बहुतेक वेळा दगा देतात. तेवढेच धरा, सगळे पाढे पहिल्यापासून नकोत.

रफवहीतल्या, तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. आणि ते वय मी पुढच्या आठवड्यात वर्गात वापरणार आहे, नाव न घेता.

---

सहावीची आई

सगळ्यांचे आभार. काल रात्री ते चौकटीचं गणित लिहून दिलं. पोराने पेन्सिल टेकवायच्या आत "बारा" म्हटलं. मग त्याच्या बाबांना दिलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, आणि "बारा".

मी पण आधी बाराच म्हटलं होतं. तुमचं पुढचं वाचलं म्हणून वाचले.

मग मी काही न सांगता चौकटीत १२ लिहिले आणि त्याला म्हटलं, आता दोन्हीकडची बेरीज मला करून दाखव. त्याने केली. १२ आणि १७. बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि मग रागावूनच म्हणाला, "म्हणजे = च्या पुढे उत्तर नसतं?" मी म्हटलं, मला माहीत नाही, तूच बघ. त्याने १२ खोडून ७ लिहिले, बाबांना बोलावून दाखवले आणि त्यांना "तुम्ही पण चुकलात" हे तीनदा सांगितलं.

बाई, एक विचारायचं होतं. आज सकाळी तो म्हणाला, "बेरीज करायची गरजच नव्हती." का, ते सांगायच्या आत शाळेची वेळ झाली. त्याला काय म्हणायचं असेल?

---

खडू-फळा

४ चे ५ झाले, एक वाढला. मग ८ चा एक कमी झाला पाहिजे.

पण हे तुम्ही त्याला सांगू नका. संध्याकाळी तो आला की ८७ + ४९ = □ + ५० लिहून टेबलावर ठेवा आणि पेन्सिल लपवा.